वाळवीवाल्या बाई आणि त्यांची नणंद

वाळवीवाल्या बाईंचं आणि त्यांच्या नणंदेचं पहिल्यापासून विळ्याभोपळ्याचं सख्य. बाई पाठीवर पंप अडकवून घरोघरी वाळवी मारत. नणंद प्रयोगशाळेत काचेच्या बशांतून बुरशी वाढवी. "एक मारते, एक पोसते," असं बाईंचा नवरा म्हणे आणि दोघींचीही बोलणी खाई.

मग एका जुन्या नाट्यगृहाच्या रंगमंचाला वाळवी लागली. बाईंनी दोनदा जालीम औषध मारलं. वाळवी शेजारच्या तुळईत सरकली. नटांचे मात्र डोळे चुरचुरायला लागले.

"बाई, आता वास जरी आला ना, तरी एक नट इथे पाय ठेवणार नाही," व्यवस्थापक म्हणाला.

बाईंनी मनावर दगड ठेवून नणंदेला फोन लावला. ती दुसऱ्याच दिवशी हिरवट भुकटीची बाटली घेऊन हजर.

"ही बुरशी अंगाला चिकटली की वाळवीच्या पोटात शिरते, वहिनी. आता बघच."

भुकटी वाळवीच्या मातीच्या नळ्यांत फुंकली. काही दिवसांनी बाईंनी एक नळी खरवडली, तर आत सगळं ठणठणीत! वाळवी एकमेकींना चाटून भुकटी साफ करत होती. जी मेली तिला मातीखाली गाडून मोकळी.

नणंदेचं तोंड एवढंसं झालं. बाईंना टोमणा मारायची आयती संधी होती, पण मारवेना.

"साफसफाईत फारच चोख आहेत गं," त्या म्हणाल्या. "जरा सुस्तावल्या तर?"

नणंद उडालीच. "तुझं औषध! अगदी चिमूटभर. मारायला नाही, नुसती झिंग यायला. जास्त झालं तर माझी बुरशीच मरेल."

"इतकं कमी? लोक हसतील मला!"

मग प्रयोगशाळेत दोघी खांद्याला खांदा लावून बसल्या. भांडभांडून वासही येणार नाही असं प्रमाण ठरलं, आणि ते मिश्रण नळ्यांत फुंकलं. झिंगलेल्या वाळवीला चाटायचं भान राहिलं नाही, आणि बुरशीला रान मोकळं मिळालं.

पुढे रंगमंचाच्या दोन-चार फळ्या उचलल्या, तर खाली मेलेल्या वाळवीवर हिरवी लव चढलेली. व्यवस्थापक दचकून मागे सरला. "ही माझ्या लाकडाला नाही ना लागणार?"

"नाही हो!" दोघी एका सुरात ओरडल्या आणि खो खो हसत सुटल्या.

संध्याकाळी तालीम होती. दोघी पहिल्या रांगेत बसल्या. थकलेली नणंद बाईंच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. खांद्याला मुंग्या आल्या, तरी बाई पडदा पडेपर्यंत हलल्या नाहीत.