साडूभाऊंची एकट्याची सफर

एकटं राहायचा इतका पक्का हट्ट धरलेला आणि त्यात आमच्या साडूभाऊंइतका वारंवार तोंडावर आपटलेला माणूस सावित्री नदीच्या या काठाला नाही आणि त्या काठालाही नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. राहणार पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीत, जिथे घरं मोजकी आणि नाती बेसुमार. ऐन उमेदीची सगळी वर्षं त्यांनी मुंबईत एका टोलेजंग इमारतीत लिफ्टमन म्हणून काढली. म्हणजे दिवसभर एका पेटीत उभं राहायचं आणि ती पेटी कधी रिकामी नाही. कुणाचं अत्तर, कुणाचा घाम, कुणाच्या सासूचं दुखणं, सगळं त्यांच्या अंगावरून वर गेलं आणि खाली आलं. संध्याकाळी खोलीवर यावं तर तिथे अर्धी वाडी पथारी पसरून बसलेली. निवृत्त होऊन ते गावी आले ते एकच इच्छा घेऊन. महाडला कोर्टाजवळ माझं टायपिंगचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे, तिथे येऊन त्यांनी ती पक्षकारांच्या गर्दीत मोठ्याने जाहीर केली. "पावनं, आयुष्यभर वर-खाली केलं. आता सरळ जायचं हाय. एकट्यानं. कुणाचं काय बी काम न घेता." कुठे, तर कन्याकुमारीला. कशाने, तर सायकलने. एका पक्षकाराने हातातला वकालतनामा खाली ठेवून त्यांच्याकडे बघितलं.

सायकल मुलाने मुंबईहून पाठवली होती, चांगली गियरची. पण गियर या गोष्टीचा साडूभाऊंनी तत्त्वाचा प्रश्न करून टाकला. "गियर टाकला तर चढ आपण चढलो का त्या यंत्रानं?" त्यामुळे चढावर ते एकाच गियरवर, दातओठ खात, रस्त्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नागमोडी जात. बरं, उतारावर तरी सुखाने बसावं? छे! उतार आला की हे खाली उतरणार आणि सायकल हाताने धरून चालत जाणार. कशेडीच्या उतारावर एका ट्रकवाल्याने कळवळून गाडी थांबवली आणि विचारलं, "काका, ब्रेक गेले काय?" तर हे ताठ मानेने म्हणाले, "नाय. फुकटचं घेत नाय मी." पोशाखाचीही तीच तऱ्हा. डोक्याला आधी माकडटोपी, तिच्यावर हेल्मेट, आणि हे भर उन्हाळ्यात. मुलाने बुडाला गादी शिवलेली सायकलची चड्डीही पाठवली होती. ती बघून माझ्या मेहुणीने एकच वाक्य उच्चारलं, "ही घालून वाडीतनं गेलात तर परत येताना घरात घेणार नाय." यावर तोडगा म्हणून ते वरून लुंगी नेसून निघत आणि शीव ओलांडली की आंब्याआड जाऊन लुंगी सोडत. पुढे पुढे तर शाळेला निघालेली पोरं तो सोहळा बघायला आधीच तिथे जाऊन बसत.

एकट्याने जाण्यात साडूभाऊंच्या आड हवा, घाट, वय यांपैकी काहीच आलं नाही. आड आली ती वाडी. आमच्याकडे गावाबाहेर निघालेल्या माणसाला कुणी रिकाम्या हाताने सोडत नाही. तुम्ही दक्षिण दिशेला नुसतं तोंड केलंत की त्या दिशेला जिची लेक दिली आहे, ज्याचा भाऊ नोकरीला आहे, जिची मावशी आजारी आहे, ते सगळे बोचकी बांधायला लागतात. पहिल्या खेपेला साडूभाऊंनी साधेपणाने निघण्याचा बेत सांगितला, ही घोडचूक. नारळ फोडून होईपर्यंत सायकलवर कडवे वाल, नाचणीचं पीठ, आमसुलं, सुकटीची दोन गाठोडी आणि खेडच्या कुणाच्या तरी नवसाचा एक जिवंत कोंबडा एवढं सामान चढलं होतं. कोंबडा कॅरियरला बांधलेला. घाटात मागून ट्रकने हॉर्न दिला की तो आरवायचा, आणि तो आरवला की ट्रकवाला पुन्हा हॉर्न द्यायचा. साडूभाऊंचा हिशेब सोपा होता. एकेक गाठोडं देत जायचं, ओझं कमी होत जाईल, चिपळूणच्या पुढे आपण मोकळे. पण एक गोष्ट हा मुरलेला माणूस साफ विसरला, की आमच्याकडे आलेला डबा रिकामा परत करत नाहीत. खेडला कोंबडा उतरला तर त्याच्या बदल्यात वाडीसाठी फणस चढला. चिपळूणला वाल दिले तर तांदळाच्या फेण्यांचा डबा आला, वर "जपून न्या हां काका, मोडतात" ही ताकीद. संगमेश्वराला पोचेपर्यंत सायकल निघताना होती त्याहून जड झाली होती, आणि जे जे बदल्यात मिळालं होतं ते वाडीत नेऊन पोचवायचं होतं. कन्याकुमारी फेण्या घेऊन कशी गाठणार? परत आले.

दुसऱ्या खेपेला त्यांनी कावा केला. दक्षिणेला जायचंच नाही, आधी रायगडाकडे जातो असं सांगायचं आणि महाडहून गुपचूप वळायचं. तर वाडीतल्या एकाने हिरकणीवाडीत झुणका-भाकरीची टपरी चालवणारा चुलत साडू शोधून काढला आणि त्याच्यासाठी दळलेल्या पिठाची पिशवी हँडलला अडकवली. साडूभाऊ खोटं बोलून निघाले असले तरी पिठाशी खोटेपणा त्यांना जमेना. ते खरोखर हिरकणीवाडीला गेले, पिशवी दिली, तिथे झुणका खाल्ला, आणि त्या टपरीवाल्याने दिलेली ताकाची बरणी डुचमळत घेऊन संध्याकाळी वाडीत हजर. त्या दिवशी परतीच्या वाटेवर महाडात मी त्यांना चवदार तळ्याशी गाठून विचारलं, "काय साडूभाऊ, कन्याकुमारी कशी आहे?" त्यांनी मला जी शिवी दिली ती इथे लिहिण्यासारखी नाही, पण तीत जोर होता.

तिसऱ्या खेपेला मात्र ते खरंच इरेला पेटलेले होते. गुडघे कुरकुरायला लागले होते, आणि डॉक्टरांनी सायकल चालवायची तेवढी आताच चालवून घ्या असं सांगितलं होतं. म्हणजे आता नाही तर कधीच नाही. शिमगा आटपल्यावर त्यांनी वाडीच्या बैठकीतच सांगून टाकलं की मी जातो आहे, आणि या वेळी कुणाचं चिटोरंही नेणार नाही. वाडीत अशी गोष्ट कुणी कधी बोललं नव्हतं. शेजारच्या काकी तर आधीच पिशवी भरून बसल्या होत्या. त्यांची एकुलती एक लेक कुडाळकडे दिलेली. मुंबईत दोघं एका कंपनीत होती, जमलं, लग्न झालं, आणि नवऱ्याने गावी दुकान टाकलं म्हणून ती तिकडे गेली. काकींच्या पायात बळ नाही, तिच्या पाठीमागे दुकान आणि दोन मुलं, त्यामुळे भेट म्हणजे फोनवर होईल तेवढीच. काकींनी पिशवी पुढे केली. साडूभाऊंनी हात मागे घेतले. "काकी, यंदा नाय." काकींनी पिशवी उचलली, घरात गेल्या आणि दार लावून घेतलं. मेहुणीने नवऱ्याशी बोलणं सोडलं. अशा वातावरणात हा माणूस सकाळी निघाला, शिवेवर लुंगी सोडली आणि गेला.

मग रोज संध्याकाळी मला फोन. काय तो आनंद! "पावनं, आज राजापूर. कुणाकडं गेलो नाय. देवळाच्या ओट्यावर बसून एकट्यानं वडापाव खाल्ला. कुणी विचारलंन नाय, कसं काय, घरचं बरं हाय का." मी टाइप करायचं सोडून ऐकत राही. या वयात एका माणसाला वडापाव एकट्याने खाल्ल्याचा एवढा हर्ष होतो हे बघून मलाही बरं वाटलं. मनातून मला फार वाटत होतं की हा पोचावा. एकदा तरी.

कणकवली गेली आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी फोन आला, एकदम दबक्या आवाजात. मागे म्हैस रेकत होती.

"पावनं, गोठ्यामागून बोलतोय. काम हाय."

"काम? तुम्हाला?"

"कुडाळचा फाटा लागला. पुढं जाणार होतो, आयच्यान. पण पाय वळलं. काकींची पोर हो. बघून तरी जावं म्हटलं. तर मी दारात उभा राह्यलो नि ती धावत आली नि पयलं काय विचारावं? 'काका, आयेनं काय दिलंय?'"

"मग?"

"मग काय! रिकामा उभा मी. सांगितलं, दिलंवतं गो, कशेडीत पडलं. म्हणाली, काय होतं? सांगितलं, कुळथाची पिठी. आता ती आयेला फोन लावणार. त्याच्या आधी तुम्ही लावा नि काकींना सांगा, पिठी दिलीवती म्हणून म्हणा. माझा फोन त्या घेत नायत."

मी दुकानातल्या दोन पक्षकारांना थांबवलं आणि काकींना फोन लावला. सगळी हकीकत एका दमात सांगितली. मग काकींचा आवाज आला.

"मी काय दिलंवतं म्हणतो तो?"

"कुळथाची पिठी."

"पिठी? अरे देवा! लहानपणापास्नं ती पिठीला तोंड लावत नाय. वाल सांगायचे, वाल! त्या मेल्याला खोटं बी धड बोलता येत नाय."

"काकी, आता बोलून गेलेत ते. सांभाळून घ्या."

"घेते," काकी म्हणाल्या आणि फोन ठेवला. मी पक्षकारांकडे वळलो तर दोघेही कामं विसरून माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि त्यातला एक म्हणाला, "पिठीचं निभावलं का पण?"

कुडाळहून कन्याकुमारी लांब असली तरी वाटेवरची होती आणि सायकल मोकळी होती. पण निघताना त्या मुलीने त्यांच्या हातात ओले काजूगर ठेवले. सोललेले, ओल्या फडक्यात बांधलेले, आईला आवडतात म्हणून. ओला काजूगर उन्हाळ्यात थांबत नाही, पहिल्यांदा चिकट होतो आणि मग आंबतो. मी फोनवर सांगितलं, एसटीत कुणाकडे तरी द्या आणि पुढे जा. साडूभाऊ म्हणाले, "एसटी पोलादपूरच्या स्टँडात पोचवील. काकींच्या दारात कोण जाईल?" आणि त्यांनी सायकल उलटी वळवली. परतीच्या वाटेवर या तत्त्वनिष्ठ माणसाने सगळे गियर टाकले. उतारावर बसून आले, भन्नाट आले. मुक्कामाला आधी नातेवाईक शोधायचे आणि दारातूनच ओरडायचे, "फ्रीज हाय का?" काजूगर फ्रीजमध्ये गेले की मगच पाणी प्यायचे.

ते येणार त्या दिवशी मी बायकोला घेऊन वाडीत गेलो होतो. साडूभाऊ आले ते काळेठिक्कर पडलेले. लुंगी नेसायचीही शुद्ध नव्हती, सरळ गादीच्या चड्डीवर वाडीत शिरले, आणि मेहुणी काही बोलली नाही. ते काकींच्या ओट्यावर गेले. काकींनी त्यांच्याकडे न बघता फडकं घेतलं, उघडलं, एक गर नाकाशी धरला. आंबला नव्हता. संध्याकाळी काजूच्या उसळीचं वाडगं आमच्याकडे आलं, पण काकी स्वतः आल्या नाहीत.

त्यानंतर साडूभाऊ लांबच्या वाटेला गेले नाहीत. गुडघ्यांनी डॉक्टरांचं खरं केलं. सायकल पडवीत असते, तिच्यावर मेहुणी पापडाची चादर वाळत घालते, आणि ते ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला गियरवाल्यांच्या लबाडीबद्दल सांगतात. आम्ही उभयता गेल्या थंडीत प्रवासी कंपनीच्या बसने कन्याकुमारीला जाऊन आलो. त्यांनी विचारलं, "कसं हाय?" मला हॉटेलच्या नाश्त्याची रांग सोडून काहीच धड आठवेना, आणि माझी मलाच लाज वाटली. म्हणून मी त्यांची खेचायची सोडून सरळ विचारलं, "साडूभाऊ, रुखरुख वाटते का हो? तेव्हाच एसटीत दिले असतेत तर पोचले असते काजूगर."

"वाटते की," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू. एकट्यानं जायचं होतं, राह्यलं." मग पडवीकडे बघत म्हणाले, "पण पावनं, त्या पोरीला तेव्हाच कळलंवतं. पिठी म्हटल्याबरोबर हसली. पिठी ती खात नाय हे तिला नि तिच्या आयेला ठाव, मी गाढव. आयेनं काय बी दिलं नाय नि मी रिकामाच आलोय, ते तिनं वळखलंन. तरी आतून तांब्या आणलान, माझ्या पायावर पाणी घातलान. नि मग उरलेलं सायकलच्या चाकांवर घातलान. दोन्ही चाकांवर. म्हणाली, ही पण माझ्या माहेरची."

एवढं बोलून ते उठले आणि उगाचच पापड उलटे करायला लागले. मी इतकी वर्षं या माणसाची टिंगल करत आलो, पण त्या दिवशी मीही उठलो आणि त्यांच्याबरोबर पापड उलटत राहिलो.