स्टोव्ह विझवल्यावर

मैत्रिणींनो, लेकीवर जीव असलेल्या आईनेच तिला डागलं, तर त्या आईवर रागवायचं कसं?

माझ्या वर्गातली पद्मा, धाकटा भाऊ हौदात बुडाल्यापासून बोलत नाही, मुलांना चावते. आज तिला आणि तिच्या विड्या वळणाऱ्या आईला मी मुलांच्या मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. सुया उकळायचा स्टोव्ह दिसताच पद्मा किंचाळत टेबलाखाली शिरली. फ्रॉक वर सरकला आणि पोटावरचे डाग दिसले.

"बाहेरचं लागलंय म्हणून दिले की, बाई," आई म्हणाली. "अमावास्येला परत द्यायचेत."

डॉक्टरांनी स्टोव्ह विझवला. ओली माती घेऊन ते पद्माशेजारी फरशीवर बसले. तासाभराने तिने मातीचं बाळ केलं आणि पुटपुटली, "मी नव्हतं ढकललं त्याला."

आई सरकत टेबलाखाली तिच्याजवळ गेली.

"हे असंच हळूहळू बाहेर येईल. दर गुरुवारी आणा, महिने लागतील," डॉक्टर म्हणाले.

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "मला कळलं, बाई. पण डाग द्या म्हणणारी सासू ऐकत नाही की हो. तुमीच न्या हिला."

अमावास्या परवा आहे. पद्माला मी आमच्या घरी घेऊन आले आहे.