वाळूतली फणसवाली

मे महिना आला की आमच्या घरात माणसांना बसायला जागा उरत नसे. खळ्यात आमसुलं वाळत घातलेली, पडवीत फणसांची रास, माळ्यावर पेंढ्यात आंबे, आणि उरलेल्या सगळ्या घरात गणपती. आमचा गणपतींचा कारखाना होता. कारखाना म्हणजे माजघरापासून पडवीपर्यंत फळ्यांवर मांडलेल्या मूर्ती आणि त्यांच्यामधून अंग चोरून चालणारे आम्ही. चतुर्थी लांब असली तरी पावसाळ्यात माती लवकर वाळत नाही, म्हणून निम्मं काम मे महिन्यातच उरकायचं असे. सुट्टी लागली की आळीतल्या मुली करवंदांना जायच्या आणि मी शाडूची माती तुडवायला. याचा मला भयंकर राग यायचा. पण माती पायांना गारेगार लागायची, त्यामुळे राग फार वेळ टिकायचा नाही.

कारखान्याच्या पाटीवर बाबांचं नाव होतं. काम मात्र निम्म्याहून जास्त आत्या करायची. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. तिचं लग्न झालं नव्हतं, आणि त्याची चर्चा आळीने केव्हाच करून संपवली होती. सोंडेचा बाक, बोटांची पेरं, शेल्याच्या चुण्या हे सगळं तिच्या हातचं. फक्त डोळे तिने काढायचे नाहीत. ते बाबांचं काम. सकाळी आंघोळ करून ते आतल्या खोलीत एकेक मूर्ती घेऊन बसत आणि दार लोटून घेत. बायकांनी डोळे काढायचे नाहीत ही आमच्या आजोबांची शिस्त. ती का, हे कुणी विचारलं नव्हतं. गिऱ्हाईक मूर्ती बघून म्हणे, "काय हात आहे हो तुमचा!" आणि बाबा मान डोलवत. आत्या तेव्हा मागे शाडू मळत असे. तिला काय वाटत असेल असा प्रश्न मला चौदाव्या वर्षापर्यंत पडला नव्हता. आज लिहिताना त्याची लाज वाटते.

त्या वर्षी शाळेतले चित्रकलेचे सर आमच्याकडे माती घ्यायला आले. सर घाटावरचे, नोकरीला नुकतेच आलेले, उत्साहाने नुसते फसफसत होते. मांडवीच्या किनाऱ्यावर वाळूच्या शिल्पांची स्पर्धा घ्यायची त्यांच्या डोक्यात होती. सगळ्या गावाला खुली, लहानमोठं कुणीही यावं, आणि संध्याकाळी मुंबईचे एक वयस्क शिल्पकार येऊन बघणार. बोलता बोलता त्यांची नजर आत्याच्या हातांवर गेली. ती उंदीर करत होती. सर बोलायचे थांबले आणि पाच मिनिटं नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "ताई, तुम्ही भाग घ्यायचाच."

बाबा हसले. "वाळूत खेळायचं वय आहे काय तिचं?"

आत्याने मान वर केली नाही. पण सर गेल्यावर विहिरीवर तिने मला हळूच विचारलं, "काय गो, तिथं चिठ्ठीवर आपलं नाव लिवतात काय? ज्याचं त्याचं?"

"लिहितात की. शिल्पासमोर पाटी लावतात."

"मग मी जाणार," ती म्हणाली, आणि रहाट इतक्या जोरात ओढला की कळशी काठावर आपटली. त्या क्षणी मला कळलं की हिला बक्षीस नकोय, हिला पाटी हवीय. आयुष्यात एक तरी वस्तू अशी, की कुणाची म्हणून विचारलं तर उत्तरात तिचं नाव यावं. मला इतका हुरूप आला की मी तिथल्या तिथे उड्या मारल्या.

आता माझा शहाणपणा सांगते. सरांना समुद्राचं काही कळत नव्हतं. कुठल्या रविवारी, किती वाजता पाणी मागे हटलेलं असेल, असं त्यांनी वर्गातल्या मुलांना विचारलं होतं. मी पुढे झाले. आजोबांनी माझ्याकडून पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, पाठ करून घेतली होती, आणि किनाऱ्यावरच्या प्रत्येक म्हाताऱ्याला ठाऊक असलेला हिशोबही शिकवला होता: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. पौर्णिमेनंतरचा रविवार, वद्य प्रतिपदा. म्हणजे भरती दुपारी पाऊण वाजता आणि संध्याकाळी सातला पुरी ओहोटी. "संध्याकाळी समुद्र पार लांब असेल सर, खुशाल घ्या," मी सांगितलं. सरांनी वहीत लिहून घेतलं. मला आभाळ ठेंगणं झालं.

मग मुंबईच्या पाहुण्यांना तो रविवार जमेना. स्पर्धा पुढच्या रविवारी ठेवली. जागा तीच, वेळ तीच. शाळेच्या फळ्यावर नुसता तारखेचा आकडा बदलला. मी तो आकडा वाचला, आत्याला सांगितला आणि आनंदाने घरभर नाचले. पाऊणकी पुन्हा करायची असते हे माझ्या डोक्यातही आलं नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

त्या रविवारी आम्ही दुपारी जेवलोसुद्धा नाही. आत्याने इस्त्रीचं लुगडं नेसलं होतं, जणू काही वाळूत बसायचंच नव्हतं. बरोबर एक बादली, एक करवंटी आणि रेघा ओढायला माडाच्या झावळीचे चार हीर. बाबा म्हणाले, "मी काय येत नाय. माझी कामं हायत." आई म्हणाली, "त्यांचं सोडा, तुम्ही निघा."

मांडवीवर जत्राच होती. सरांनी दुपारी बाराला येऊन फक्की मारून चौकोन आखले होते. वर कोरड्या वाळूत एक रांग आणि खाली ओल्या वाळूत एक. चिठ्ठ्या उचलल्या, तर आत्याला खालच्या रांगेतला सतरा नंबर आला. मला कोण आनंद! ओली वाळू म्हणजे कामाला सोन्यासारखी. मांडवीची वाळू काळी. भिजली की शाडूपेक्षा फार वेगळी वाटत नाही. पाट्या अजून रंगवून झाल्या नव्हत्या, म्हणून सध्या नुसते नंबर रोवले होते. नावं निकालाच्या वेळी सांगू, असं सर कर्ण्यावरून ओरडले.

अडीचला शिट्टी झाली. कुणी किल्ला करत होतं, कुणी कासव, कॉलेजच्या मुलांनी मत्स्यकन्या आरंभली होती आणि तिच्याभोवती सगळ्यात जास्त गर्दी होती. आत्याने आधी एक ढीग केला, त्यावर पाणी मारलं, दोन्ही हातांनी थापटला आणि मग बोटं चालू लागली. मी बादल्या आणत होते. तासाभरात त्या ढिगातून एक बाई वर आली. पाय पसरून बसलेली, पदर कमरेला खोचलेला, मांडीवर अर्धा फोडलेला फणस. फणसाचे काटे आत्या चिमटीने एकेक उचलत होती. लोक मत्स्यकन्येकडून सरकत सरकत आमच्याकडे आले. एक म्हातारी म्हणाली, "अगो बाय, बरका काय कापा?" आणि सगळे खो खो हसले. "फणसवाली बघा, फणसवाली!" अशी बातमी भेळेच्या गाडीपर्यंत गेली. मला वाटलं, आता इथेच ओरडावं की ही माझी आत्या आहे. ओरडलेही.

साडेचारच्या सुमाराला मी बादली भरायला गेले तर चार पावलांत पाणी लागलं. मघाशी वीस पावलं जावं लागत होतं. मी तशीच उभी राहिले. आज तिथी काय? मागच्या रविवारी प्रतिपदा, म्हणजे आज अष्टमी. आठ पाऊणे सहा. सहाला भरती! पाहुणे सहाला येणार, आणि समुद्रही सहालाच.

मी धावत जाऊन सरांना सांगितलं.

"अगं, पण तूच म्हणालीस ना, संध्याकाळी पाणी लांब असतं?"

"तो मागच्या रविवारचा हिशोब, सर!"

"म्हणजे समुद्राची वेळ रोज बदलते?" सरांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्यांनी कर्णा उचलला, काय सांगावं ते सुचेना, म्हणून परत खाली ठेवला.

आत्याला सांगताना मला रडू फुटलं. तिने फक्त एकदा पाण्याकडे बघितलं. "आज अष्टमी, म्हणजे भांग. भांगाचं पाणी लय वर चढत नाय," ती म्हणाली. "पर सतरा नंबरापर्यंत येईल. रडू नको, बांध घाल."

बांध! भातशेतीवाल्या गावात बांध घालणं कुणाला शिकवावं लागत नाही. मी हातांनी वाळू ओढायला लागले. शेजारच्या कासववाल्यांनी ते पाहिलं आणि तेही लागले. मग बघायला आलेले कुणाचे काका, कुणाच्या वहिनी, साड्या खोचून, पँटी दुमडून खालच्या रांगेसमोर ओणवे झाले. कॉलेजची मुलं एका सुरात ओरडत वाळू ढकलत होती. भेळवाल्याने घमेलं दिलं. सर कर्ण्यावरून "उजवीकडे, उजवीकडे!" असं ओरडत होते आणि उजवीकडे कुणाच्या ते कुणालाच कळत नव्हतं. पाणी येई, बांध चाटून मागे जाई, आणि सगळा किनारा "हो ऽऽ" करून ओरडे. चूक माझी होती, तरी मला इतकी मजा आयुष्यात कधी आली नव्हती.

आमच्या समोर बांध खचला. एक मोठी लाट आत घुसली आणि फणसवालीच्या टाचेपाशी आली. मी किंचाळले. तेवढ्यात कुणीतरी मला बाजूला सारून त्या भगदाडात गुडघ्यांवर बसलं आणि दोन्ही हातांनी वाळू दाबायला लागलं. बाबा होते. म्हणे येणार नव्हते! नंतर कळलं की ते तासभर भेळेच्या गाडीमागे उभे होते.

"बघत काय राहिलीस? आण वाळू!" ते माझ्यावर खेकसले.

सहाला पाच कमी असताना पाहुणे आले. पांढरे केस, हातात काठी, आणि वरच्या रांगेतला एकेक किल्ला सावकाश बघत चालले होते. मी आत्याकडे वळले. फणसवाली पुरी झाली होती. केस, नाक, हसायच्या बेतात असलेले ओठ. फक्त डोळ्यांच्या जागी दोन गुळगुळीत खळगे. आणि आत्या हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसली होती.

"आत्या, डोळे!"

तिने हात पदराला पुसले. आधी मला कळेना. मग कळलं आणि डोक्यात सणक गेली. वीस वर्षांची सवय. चेहरा झाला की हात पुसायचे आणि मूर्ती दादापुढे सरकवायची. ती डोळ्यांसाठी थांबली होती. स्वतःच्या बाईच्या डोळ्यांसाठी!

"दादा," ती बाबांना म्हणाली. "डोळे राहिले."

बाबांनी वळून पाहिलं. कोपरापर्यंत चिखल, सदरा भिजलेला. त्यांची नजर त्या बाईच्या चेहऱ्यावर बराच वेळ थांबली. त्यांच्या हाताजवळच हीर पडले होते. त्यांनी एक उचलला. काढू नका, काढू नका, असं मी मनात म्हणत होते.

त्यांनी हीर आत्यापुढे धरला. "मी बांध सोडला तर पाणी आत येईल," ते म्हणाले. "काढ तूच."

आत्याने हीर घेतला. तिने एकदा डोळे मिटले, श्वास घेतला आणि मग जी रेघ ओढली ती एका दमात. वरची पापणी, खालची, बुबुळ. दुसरा डोळा पहिल्यापेक्षा किंचित बारीक झाला, जसा हसणाऱ्या माणसाचा होतो. बाई आमच्याकडे बघायला लागली.

पाहुणे आले तेव्हा पाणी बांधाच्या दोन्ही टोकांकडून आत झिरपत होतं. ते फणसवालीसमोर उभे राहिले, मग काठीवर भार देऊन खाली वाकले. डोळ्यांत डोळे घालून तिच्याकडे पाहत राहिले. उठल्यावर त्यांनी आजूबाजूला नजर टाकली. चिखलाने माखलेला एकच पुरुष समोर होता. त्यांनी बाबांपुढे हात जोडले. "काय हात आहे हो तुमचा!"

बाबांनी तोंड उघडलं. ते काय म्हणणार होते ते मला कधीच कळलं नाही, कारण त्यांच्याआधी आत्या उठून उभी राहिली. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, केसांत वाळू.

"हात माझा हाय," ती म्हणाली.

पाहुणे दचकले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, तिच्या बोटांकडे पाहिलं आणि म्हणाले, "माफ करा. तुमचं नाव?"

लाट फणसवालीच्या मांडीपर्यंत आली होती, फणस विरघळायला लागला होता, पण कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं. आत्याने पदर सारखा केला आणि आपलं नाव सांगितलं. वडिलांचं नाव, आडनाव, सगळं पुरतं. मग पाठीमागच्यांना ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा एकदा, मोठ्याने. चौदा वर्षं मी तिच्या मांडीवर वाढले होते, आणि तिचं नाव तिच्या तोंडून मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा ऐकलं.