फादरांना न धाडलेला निरोप

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. पोटच्या लेकीला नाही, फादरांना नाही, मार्थाच्या मातीपाशी बसलो तेव्हा तिलाही नाही. देवाला सांगावी लागत नाही, तो तिथं होताच. तुम्ही नव्हता, म्हणून तुम्हाला सांगतो. दानियल तोंडावर बोलतो, मनात काही ठेवत नाही — असं आमच्याकडं माझं नाव आहे. शिव्या देईल पण खोटं बोलणार नाही, म्हणतात. मीही पाच वर्षं ते ऐकून घेतलं.

मार्था माझी बायको. ती गेल्यापासून भाकरी शेजारच्या हौसाबाईकडून येते आणि मी रोज नावं ठेवतो, कडा जाड असतात म्हणून. मार्थाच्या भाकरीचा पापुद्रा पार कडेपर्यंत सुटायचा. हे सांगायचं कारण काय? काही नाही. तिचं नाव काढलं की भाकरी आठवते.

आमची वस्ती अंथुर्ण्याच्या शिवेवर, कॅनॉलच्या कडेला. वस्तीवर ख्रिस्ती घर एकटं आमचं. प्रार्थनाघर चार मैलांवर, दुसऱ्या गावात. तिथं आमची आठ घरं. फादर बारामतीला राहायचे, महिन्यातून एकदा मोटारसायकलवर येऊन मिस्सा करायचे. बाकीच्या रविवारी याकोब मास्तर प्रार्थना घ्यायचे. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत — धर्म शिकवणारे. कुणी आजारी पडलं, कुणाचं लग्न निघालं, की मास्तरांना सांगायचं, मास्तर एस.टी.नं बारामतीला जाऊन फादरांना कळवायचे. निरोपाची वाट ही एवढीच. आणि आमच्या वस्तीवरून त्या गावाला जाणारा माणूस मी एकटा.

मास्तर देवमाणूस, पण विसराळू. नाताळाच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. दर रविवारी एक मेणबत्ती जास्त पेटवायची. एका साली मास्तरांनी दुसऱ्याच रविवारी चारही पेटवल्या. मी मागून म्हणालो, "मास्तर, येशूला घाई लावताय व्हय?" सगळं प्रार्थनाघर हसलं. मास्तरांनी फुंकर मारून दोन विझवल्या आणि म्हणाले, "दानियलराव, तुमी हाय म्हनून देव वेळंवर जन्मतो."

असा आमचा दोस्ताना. आणि त्या माणसाचं मी काय केलं?

थांबा. आधी गव्हाणीचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. नाताळची गव्हाण मी बांधायचो, वीस-बावीस वर्षं. डिसेंबरात ऊसतोड चालू असते, पाचट पाहिजे तेवढं. चार बांबू, वर पाचटाचं छप्पर, खाली कडबा. बाळ येशू त्यात ठेवला की आपल्या वस्तीवरचाच वाटायचा. त्र्याण्णव साली, आगमनकाळ लागायच्या आधी, मिस्सा झाल्यावर फादर म्हणाले, "आबा, यंदा पोरांना करू द्या. थर्माकोलची गुहा करायची म्हणतात. तुम्ही दमला असाल."

वाईट काय बोलले? काहीच नाही. पण मी आठ घरांसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "येशू गोठ्यात जन्मला का टी.व्ही.च्या खोक्यात? आजपासनं फादरचा पाय माझ्या उंबऱ्याला लागायचा न्हाय, आन माझा हितल्या." सायकल काढली आणि आलो. वाटेत लई बरं वाटलं, खरं सांगतो. 

मार्थाचं पोट तेव्हा फुगायला लागलं होतं. दवाखाने झाले होते. डॉक्टर म्हणाले, घरी न्या, जे मागतील ते खायला द्या. डॉक्टर असं कधी म्हणतात ते मला कळतं, तिलाही कळलं. तिनं खायला काही मागितलं नाही. तिनं फादर मागितला.

"नाताळच्या आत बोलवा त्यास्नी," म्हणाली. "पापनिवेदन करायचंय, आजाऱ्याचं तेल लावून घ्यायचंय. मग मी मोकळी."

तिचं कसलं आलंय पाप? हौसाबाईच्या कोंबडीला खडा मारला असेल. पण तिला ते हवं होतं, आणि माणूस जायला टेकलं की फादर प्रार्थना करून कपाळाला लावतात ते तेलही. उभ्या संसारात तिनं माझ्याकडं हट्टानं मागितलेली ही एक गोष्ट. चार मैल सायकल मारायची आणि मास्तरांना एक वाक्य सांगायचं.

मी म्हणालो, "सांगतो."

आगमनाच्या पहिल्या रविवारी धुतलेले कपडे घातले, सायकल काढली आणि गेलो — कॅनॉलच्या पुलापर्यंत. तिथं बसलो. विड्या ओढल्या. उसाच्या बैलगाड्या कारखान्याकडं चालल्या होत्या, गाडीवानांशी बोललो. प्रार्थना सुटायची वेळ झाली तसा घरी आलो. मार्थानं विचारलं, आज काय वाचलं? मी सांगितलं — जागे राहा, घरधनी कधी येईल सांगता येत नाही. बावीस वर्षं ऐकलेलं, तोंडपाठच होतं. दुसऱ्या रविवारीही पुलावरच. त्या दिवशी सांगितलं — प्रभूची वाट तयार करा, ती सरळ करा. वाट अडवून बसलेला माणूस हे सांगत होता, आणि जीभ अडखळली नाही. तिनं विचारलं, "आन फादरचं?"

"मास्तरांना सांगितलंय. येतील."

तिसऱ्या रविवारी तेच. फादर प्रवचनात सांगायचे, आगमन म्हणजे वाट पाहणं. ते काय असतं ते मी घरात पाहिलं. कॅनॉलच्या रस्त्याला मोटारसायकल वाजली की मार्था हौसाबाईला म्हणायची, "माझा पदर नीट कर गं." हौसाबाई पदर नीट करायची, केस मागं सारायची. गाडी पुढं निघून जायची. कधी दूधवाला असायचा, कधी उसाची नोंद घ्यायला आलेला कारखान्याचा माणूस. एकदा हौसाबाईनं मला दारात गाठलं. "दाजी, आमच्या भटजीला आमटीचा वास लागला की न बोलवता येतोय. तुमचा फादर लई महाग दिसतोय."

"नाताळात त्यास्नी सतरा गावं असत्यात," मी म्हणालो.

कुणी दयाळू माणूस म्हणेल, तेल लावलं म्हणजे बायको जाणार असं वाटून तुमचा धीर झाला नसेल. तसं नव्हतं. तो भला अर्थ मला देऊ नका. मला माझ्या दारात उभं राहून फादरांना 'या' म्हणावं लागलं असतं, ते मला म्हणायचं नव्हतं. आठ घरं हसली असती. एवढंच होतं.

चौथ्या आठवड्यात बाजारात मास्तर भेटले. मिरच्या निवडत होते. "राग उतरला न्हाय व्हय अजून? मार्थाबाई कशी हाय?" निरोप ओठावर होता. मास्तर माझ्या तोंडाकडं बघत होते. मी म्हणालो, "बरी हाय." ते म्हणाले, "मग नाताळला घेऊन या की." मी मान हलवली. ते मिरच्या घेऊन गेले, मी सायकल घेऊन आलो.

नाताळला तीन दिवस राहिले असताना, भर दुपारी, मार्था गेली. दोन दिवसांपासून तिनं फादरांचं विचारणं बंद केलं होतं. तिला कळलं होतं का? मला वाटतं, कळलं होतं. शेवटचं माझ्याशी बोलली ते, "जावा, जेवून घ्या."

दुसऱ्या दिवशी मातीला फादर आले. प्रार्थना झाली, माणसं मूठमूठ माती टाकून बाजूला झाली. फादर माझ्याजवळ आले. आवाजात राग नव्हता. "आबा, तेलासाठी मला का नाही बोलावलं? मी आलो असतो." लेक-जावई, आठ घरची माणसं, सगळे उभे. मी बोलायच्या आधी हौसाबाई म्हणाली, "निरोप तर कवाच धाडलाय की त्यांनी." आता सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझ्या समोर मास्तर उभे होते, हातात प्रार्थनेचं पुस्तक धरून.

मी म्हणालो, "मास्तरांना सांगितलं हुतं. बाजारात."

हेच ते. पाच वर्षं जे पोटात ठेवलं, ते हे.

बाजार मास्तरांना आठवत होता. मी भेटलो होतो ते आठवत होतं. बाकीचं ते डोक्यात शोधत होते, मला दिसत होतं — घरात हरवलेली किल्ली शोधतात तसं. मागून कुणीतरी म्हणालं, "अवो, चार मेणबत्त्या एकदम पेटवणारा मानूस त्यो." मास्तर म्हणाले, "मग मी इसरलो असंन."

त्या नाताळला मी मिस्साला गेलो. लोकांनी पुढं जागा करून दिली. थर्माकोलची गुहा चांगली झाली होती. मी कम्युनियन घेतलं, ख्रिस्ताचा प्रसाद, पाप न सांगता.

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी, मरियामातेच्या सणाला, मास्तर चार मैल चालत वस्तीवर आले. गुडघा दुखणारा माणूस. खाटेवर बसा म्हटलं तर बसले नाहीत. "दानियलराव, माझ्यामुळं बाई तेलाबिगर गेली." मी त्यांना पाणी दिलं आणि म्हणालो, "झालं गेलं, मास्तर. मनाला लावून घेऊ नका." मोठ्या मनाच्या माणसासारखा बोललो. ते गेल्यावर हौसाबाई म्हणाली, "दाजी, तुमचं काळीज लई मोठं हाय." तेही मी ऐकून घेतलं.

मास्तरांनी प्रार्थना घेणं सोडलं. मरणाऱ्या बाईचा निरोप जो विसरतो त्यानं शुभवर्तमान वाचू नये, म्हणाले. खिशात वही बाळगायला लागले. कोण भेटलं, काय बोललं, सगळं लिहायचे. सुनेनं मीठ आणायला सांगितलं तरी लिहायचे, आणि दुकानात जाऊन पुन्हा वाचायचे. पोरंठोरं हसायची. चांगल्या डोक्याचा माणूस, पण स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास गेला. आगमनकाळातला प्रत्येक शुक्रवार ते मार्थासाठी उपाशी राहायचे. आणि मी? मी दर नाताळाआधी पापनिवेदनाच्या रांगेत उभा राहायचो. बैलाला शिवी दिली, फादर. विडी सुटत नाही, फादर. हौसाबाईच्या भाकरीला नावं ठेवली. फादर तीन नमो मरिया सांगायचे. गुडघे टेकून म्हणायचो. देवासमोर गुडघे टेकून चोरी करता येते, हे तुम्हाला ठाऊक होतं का? येते. मी केली आहे.

यंदा आगमनाच्या तिसऱ्या आठवड्यात मास्तर गेले. त्याच्या आदल्या दिवशी मला त्यांचं बोलावणं आलं. नवे फादर सकाळीच तेल लावून गेले होते. मास्तरांचं कपाळ अजून ओलसर दिसत होतं. मुलगा आणि सून भिंतीला टेकून उभे. मास्तर म्हणाले, "मला मिळालं. तिला न्हाय मिळालं. एकदा म्हना, माफ केलं."

एकच वाक्य सांगायचं होतं. मास्तर शुद्धीवर होते, ऐकत होते. ते ऐकून त्यांना काय वाटलं असतं? शिव्या दिल्या असत्या, हसले असते, रडले असते — पण डोकं ठिकाणावर घेऊन गेले असते. मी त्यांच्या कपाळावर हात ठेवला. तेल हाताला लागलं. आणि मी म्हणालो, "माफ केलं, मास्तर."

त्यांनी डोळे मिटले. सून रडायला लागली आणि माझ्या पाया पडली. मी पडू दिलं.

आता नवं वर्ष लागलं आहे. येत्या शनिवारी पापनिवेदनाला जाणार आहे आणि हे सगळं सांगणार आहे. पण तिथलं बोलणं तिथंच राहतं, ते मास्तरांच्या कामाचं नाही. खोटं मी कबरीपाशी चारचौघांत बोललो होतो, तर खरंही चारचौघांत आलं पाहिजे. म्हणून आधी इथं लिहून सांगितलं. 

मास्तरांची सून ती वही जपून ठेवणार आहे, म्हणते. सासऱ्याला विसरायचा आजार होता, असं ती लोकांना सांगते. तिनं आणि आठही घरांनी हे वाचावं. बाजारात मास्तरांनी मार्थाची तब्येत विचारली. मी बरी आहे म्हणालो. निरोप मी दिलाच नव्हता. याकोब मास्तर काही विसरले नव्हते.