आग थोडी थांबवा

मी शाळा-कॉलेजांत आपत्कालीन तयारी शिकवतो. आग लागली, भूकंप झाला, कुणाला ऊन लागलं तर काय करायचं, हे. शिकवणी संपली की मुलं सर्टिफिकेट घेऊन जातात आणि किस्से माझ्याकडे राहतात. मित्र जमले की तेच सांगायला लावतात. हसून झालं की एखादा विचारतोच, "खरी वेळ आली तर पोराईले यातलं काही आठवते का गा?" हा प्रश्न मलाच छळतो.

*

अमरावती रोडवरच्या एका ज्युनिअर कॉलेजात पहिलं मॉक ड्रिल होतं. मैदानात डब्यातल्या चिंध्या पेटवायच्या आणि मुलांनी विझवायच्या. मी काडी ओढणार, तेवढ्यात प्राचार्य वानखेडे सर लगबगीने आले. "आग थोडी थांबवा. पाहुणे वाडीच्या नाक्यावर ट्रकांच्या जाममध्ये फसून राहिले."

पाहुणे आले. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, भाषण सगळं यथासांग झालं. आगीचा नंबर लागेपर्यंत मुलांच्या बसची वेळ झाली!

*

तिथेच आग विझवायचं सिलिंडर कुठे आहे म्हणून विचारलं. शिपायाने कुलूप लावलेलं कपाट दाखवलं. बाहेर ठेवलं तर चोरीला जातं, म्हणाला. किल्ली ऑफिसातल्या बाबूंकडे, आणि बाबू लग्नाला गेलेले. आगीनेही लग्नसराई बघूनच यावं, दुसरं काय.

*

भूकंपाच्या ड्रिलला मुलं शिट्टीसरशी बाकांखाली शिरली. मी खूश झालो. दुसरी शिट्टी झाली तरी कुणी बाहेर येईना. वाकून पाहिलं तर खाली डबे उघडलेले. एकाने माझ्यासमोर ठेचा धरला. "घ्या ना सर, भिवापूरच्या मिरचीचा हाये."

घेतला. डोळ्यांतून पाणी आलं आणि पुढचं लेक्चर रद्द झालं.

*

मे महिन्यात एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी ऊन लागण्यावर बोललो. खिशात कांदा ठेवून काही होत नाही, पाणी प्या, सावलीत थांबा, असं ठणकावून सांगितलं. मग प्रात्यक्षिकाला भर दुपारी मैदानात गेलो आणि मलाच भोवळ आली. पोरांनी मला सावलीत आडवं केलं, मानेवर ओला रुमाल ठेवला. सगळं शिकवल्याप्रमाणे. शेवटी एकाने हळूच माझ्या खिशात कांदा सरकवला. "राहू द्या सर. आईनं देल्ला हाये."

*

आता पुन्हा वानखेडे सरांचं कॉलेज. तिथे प्राची नावाची मुलगी होती, अकरावीतली. वजनाला हलकी, म्हणून स्ट्रेचरच्या ड्रिलला दरवेळी पेशंट तीच. पण आडवी पडूनही तिचं तोंड चालूच. नीट धरा, माझी वेणी लटकून राहिली, वळताना पाहा. शेवटी मी चिडून सगळ्यांदेखत म्हणालो, "पेशंट बेशुद्ध आहे ना? मग पेशंट बोलत नसतो!"

वानखेडे सर मात्र एकाही ड्रिलला बाहेर आले नाहीत. सायरन वाजला की अख्खं कॉलेज मैदानात आणि सर केबिनमध्ये फोनवर. ते लेकरांसाठी आहे, असं त्यांचं म्हणणं.

मागच्या उन्हाळ्यात केबिनशेजारच्या खोलीतल्या कूलरची मोटर जळाली आणि खराखुरा धूर निघाला. मी तेव्हा मैदानातच होतो. सायरन झाला. मुलं दप्तरं सोडून, रांगेत, धक्काबुक्की न करता बाहेर आली. मला भरूनच आलं. हजेरी झाली, सगळी होती. तेवढ्यात प्राची म्हणाली, "सर नाही आले."

परत आत जायचं नाही, हे मीच शिकवलेलं. मी ओरडेपर्यंत ती आणि तिघंजण नाकाला ओले रुमाल बांधून, स्ट्रेचर घेऊन आत गेलेही. मी जाम घाबरलो. त्यांच्या मागे पळालो तर दारातच ते समोरून आले.

स्ट्रेचरवर वानखेडे सर. ठणठणीत, फोन कानालाच. ड्रिल चालू आहे, नंतर बोलतो, असं कुणाला तरी सांगत होते. मग हातपाय झाडायला लागले. "अरे, मले काही झालं नाही. उतरवा मले, मी चालतो."

पुढची दांडी प्राचीच्या हातात होती. तिने मान वळवली नाही की पाऊल थांबवलं नाही.

"सर, पेशंट बोलत नसते."