उजव्या खिडकीतला माणूस

ती घटना आठवली की आजही सगळ्यात आधी डोळ्यांपुढे येते ती एक चेपलेली घागर, आणि तिच्या पाठोपाठ माझं स्वतःचं अक्षर. घागर मुद्देमालात जमा झाली होती. अक्षर जबाबाच्या कागदावर होतं, आणि त्या कागदावर जे लिहिलं होतं ते खरं नव्हतं.

मला निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. या हकिकतीतल्या कुणाचंही नाव मी लिहिणार नाही. त्यांची मुलंनातवंडं त्याच गावांत राहतात.

ऐंशीच्या दशकातला दुष्काळ होता. धाराशिवला तेव्हा उस्मानाबाद म्हणत. येरमाळा आणि भूम यांच्या मधल्या कोरड्या टापूत आमचं ठाणं होतं. मी उपनिरीक्षक म्हणून नुकतीच हजर झाले होते. पुण्यातल्या इंग्रजी शाळेत शिकले होते, माणसांत मिसळायची सवय नव्हती, त्यामुळे ठाण्यात मी बोलायची कमी आणि लिहायची जास्त. आमचे जमादार माझ्या वडिलांच्या वयाचे. माझे कागद वाचून म्हणायचे, "मॅडम, तुमचं मराठी लई सोवळं हाय. आरोपीला वाटंल आपण लग्नाला आलोय."

त्या टापूत एक सहकारी तेल गिरणी होती. तिच्या अध्यक्षांनी त्या वर्षी मुंबईहून एक जुनी मोटार आणली. जर्मन बनावटीची, गडद निळी, चार दारांची. आधी ती कुठल्याशा वकिलातीत होती, मग एका व्यापाऱ्याकडे, आणि तिथून यांच्याकडे. दिसायला साधी, घरगुती. पण बॉनेटखाली शर्यतीच्या गाडीचं इंजिन. अध्यक्षांनी येरमाळ्याला देवीसमोर तिची पूजा केली, चाकांखाली लिंबं ठेवली आणि मग त्यांचे हाल सुरू झाले. सुटे भाग मुंबईलाही मिळेनात. बैलगाडीच्या चाकोरीत तिचं पोट घासायचं. आणि उन्हात रेडिएटर उकळायचा. जिथे माणसं टँकरची वाट बघत होती तिथे ही गाडी दर थोड्या अंतरावर पाणी मागायची. लोक म्हणत, "चेअरमनची नवी सून आली. तिला दिसातून चार बाऱ्या आंघोळ लागती."

हे सगळं मी ऐकून होते. गाडी मात्र पाहिली नव्हती.

एका सकाळी रोजगार हमीच्या रस्त्याच्या कामावरून मुकादमाचा निरोप आला. निळ्या गाडीनं एका मजूर बाईला उडवलं आणि गाडी न थांबता गेली. बाईला खडीच्या ट्रॅक्टरमध्ये घालून दवाखान्याकडे नेलं, पण ती वाटेतच गेली. जिल्ह्यातली सगळ्यात वेगवान गाडी त्या वेळी तिच्यापासून लांब पळत होती. ती गाडी थांबली असती तर बाई दवाखान्यात पोचली असती, असं डॉक्टर नंतर म्हणाले.

साक्षीदार बायका होत्या, म्हणून ठाण्याच्या साहेबांनी मला पाठवलं. रस्त्याच्या कडेला खडीच्या ढिगावर दोघी बसल्या होत्या. त्यांच्यातली थोरली बोलली.

"गाडी थांबली, बाईसाहेब. वाफ निघत व्हती. एकजण उतरला, डोक्याला टावेल बांधलेला. पानी मागितलं. गेली तिनंच दिलं, आपली घागर दिली. त्यानं गाडीत वतलं, घागर परत दिली अन् बसला आमच्या अंगाच्या खिडकीत. ती आपली घागर घिऊन गाडीपुढनं पलीकडं निघाली. अन् गाडी एकदम उसळलीच बघा."

"आत आणखी कोण होतं?"

"काच काळी व्हती. काय दिसंना."

गाडीच्या दिशेनं पाहता बायका रस्त्याच्या उजव्या कडेला होत्या. त्यांच्या अंगाची खिडकी म्हणजे गाडीची उजवी खिडकी. मी सोवळ्या मराठीत लिहिलं, 'चालकाने खाली उतरून रेडिएटरमध्ये पाणी ओतले व पुन्हा चालकाच्या जागेवर बसून गाडी सुरू केली.' जबाब वाचून दाखवला. दोघींनी माना हलवल्या. गणवेशातल्या बाईनं छापील भाषेत काही वाचलं की माणसं मान हलवतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

अध्यक्षांकडे गेलो तर ते शांतपणे म्हणाले, "गाडी आठ दिवसांपासून मुंबईला आहे. ब्रेकचा पार्ट मिळत नाही. ड्रायव्हरही तिकडंच आहे." त्या गाडीची कीर्ती अशी होती की यावर कुणीही विश्वास ठेवला असता. आमच्या साहेबांनीही अर्धा ठेवला.

तिसऱ्या दिवशी एक म्हातारे शेतकरी ठाण्यात आले. बाकावर टेकले, पाणी प्यायले. मग जमादारांना म्हणाले, "तक्रार न्हाय बरं का. नुसतं इचारायचं व्हतं."

"इचारा की, आबा."

"चेअरमनच्या छावणीत माझी गाय हाय. छावणीमागं कडब्याची नवी गंज हाय. जनावरं हंबरत्यात, अन् त्या गंजीची पेंढी कुणी वढू देत न्हाय. दुष्काळात कडबा काय बघायला ठेवत्यात व्हय?"

जमादारांनी माझ्याकडे पाहिलं. तासाभरात आम्ही पंच घेऊन छावणीत होतो. छावणी अध्यक्षच चालवत होते. आसपासच्या गावांची जनावरं तिच्यावर जगत होती. गंज ओढली तशी आतून निळा पत्रा दिसला. पुढचा दिवा फुटलेला होता. बॉनेटवर खळगा होता. मी पंचनामा लिहिला. टायर, काच, दिवा, गाडीच्या चौकटीवरचा क्रमांक, सगळं. त्यात मीच लिहिलं, 'स्टेअरिंग डाव्या बाजूस.' लिहिलं आणि पुढच्या ओळीवर गेले.

गाडी ट्रॅक्टरनं ओढून ठाण्याच्या आवारात कडुलिंबाखाली आणून लावली, आणि त्याच संध्याकाळी अध्यक्षांचा ड्रायव्हर आपल्या पायांनी हजर झाला. उंचापुरा, पन्नाशीचा, डोक्याला टॉवेल. "गाडी म्याच चालवत व्हतो. मालक गाडीत न्हवते. भ्यालो अन् पळालो. गाडी म्याच झाकली." पाणी ओतणारा माणूस हाच, हेही त्यानं कबूल केलं. जबाब, पंचनामा, आरोपी, सगळं एका ओळीत बसलं. साहेबांनी मला शाबासकी दिली. नोकरीतली पहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दोघींना गाडी ओळखायला बोलावलं. थोरलीनं लांबूनच ओळखली. मग ती गाडीला वळसा घालून उजवीकडे गेली, खिडकीच्या काचेवर हात ठेवला आणि म्हणाली, "हितं बसला व्हता त्यो."

मी वाकून आत पाहिलं. तिच्या हाताखाली सीट होती आणि सीटसमोर कागद ठेवायचा खण. स्टेअरिंग तिथे नव्हतंच. ते पलीकडे होतं.

 मी आत गेले आणि फाईल उघडली. 'चालकाच्या जागेवर बसून.' बाईनं हा शब्द उच्चारलाच नव्हता. टॉवेलवाला उजवीकडे बसला असेल तर गाडी दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात होती. जमादारांना आणि साहेबांना स्टेअरिंग डावीकडे आहे हे दिसतच होतं. पण त्यांनी माझा जबाब वाचला होता, आणि त्या जबाबात 'उजवी खिडकी' कुठेच नव्हती. ती फक्त मला माहीत होती. मी गप्प बसले असते तर एक निरपराध माणूस तुरुंगात गेला असता, त्याचा परवाना गेला असता, आणि कुणाला कधी कळलंही नसतं.

मी साहेबांसमोर उभी राहिले. "सर, जबाब चुकलाय."

"बाईनं खोटं सांगितलं?"

"नाही. तिनं खरं सांगितलं. मी खोटं लिहिलं."

सगळं ऐकून ते टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले. "माणूस कबूल आहे, मॅडम. तुम्हाला काय पडलंय?" मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाले, "लिहा पुरवणी जबाब. पण नुसत्या खिडकीवर कोर्ट मानायचं नाही. आणखी काहीतरी आणा."

पंचनाम्यात मी आणखी एक ओळ लिहिली होती. 'चालकाची सीट संपूर्ण पुढे ओढलेली, तीवर उशी.' त्या ओळीवर बोट ठेवून मी बसून राहिले. मग ड्रायव्हरला बाहेर आणायला सांगितलं. शिपाई आणि पंच उभे होते. मी म्हटलं, "गाडीत बसून दाखवा. त्या दिवशी बसला होता तसे."

तो दार उघडून आत शिरला आणि त्याचे गुडघे स्टेअरिंगला अडले. त्याचा उजवा हात आपोआप सीटखाली गेला, आणि त्यानं सीट सर्रकन मागं सारली. ड्रायव्हर लोक करतात तसं, न बघता. मग त्याच्या लक्षात आलं. हात तिथंच राहिला. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

"सीट कुणी पुढे ओढली होती?"

तो गाडीतून उतरला. मी त्याला आत नेलं, चहा मागवला आणि गाडीविषयी विचारलं. मुंबईत ती पहिल्यांदा कुठे पाहिली, आवाज कसा होता. हळूहळू तो सुटला. "गाडी घ्या म्हणून मालकाच्या मागं म्याच लागलो व्हतो, मॅडम. तसलं इंजिन जल्मात बघितलं न्हवतं. घेतल्यावर मालक म्हणाले, मला बी शिकीव. बुटका माणूस, उशी घेतली. सकाळच्या पारी मोकळ्या रस्त्यावर शिकवायचो."

"मग तुम्ही कशाला कबूल झालात? त्यांनी धमकावलं?"

"न्हाय. मालक नुसतं रडत व्हते."

"मग?"

तो चहाच्या कपात बघत म्हणाला, "ठराव झाला."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात काहीतरी चुकतंय. जमादार सरसावून बसले. "कसला ठराव?"

"त्याच रात्री गिरणीत बैठक बसली. संचालक अन् चार मोठे सभासद. मालक आत गेले तर छावणी मोडंल, जनावरं मरतील, असं निघालं. मग गाडी सापडली तर म्या जावं असं ठरलं. एकमतानं. वहीत लिवलं न्हाय, पन हात वर झाले."

"आणि तुम्ही?"

"म्या बी केला."

जमादार चिडले. "आरं, स्वतःच्या तुरुंगाला हात वर करतोस? येडा हायेस का?"

तेव्हा त्यानं पहिल्यांदा मान वर केली. "दादा, तिचा नवरा बी व्हता बैठकीत. त्याची बैलं छावणीत हायेत. त्यानं हात वर केला. मंग म्या कसा खाली ठिवू?"

 मी त्याआधी प्रेतं पाहिली होती, मारामाऱ्या पाहिल्या होत्या. असा धक्का मला कधी बसला नव्हता. बायको जाऊन एक दिवस झाला नव्हता, आणि त्या माणसानं तिच्या मरणावर सहकारी पद्धतीनं मत दिलं होतं.

दुपारी साहेब आणि मी तेल गिरणीत गेलो. अध्यक्षांनी आम्हाला पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली. नाकारलं काहीच नाही. म्हणाले, "पाणी देऊन ती हसली. ड्रायव्हरलाच मालक समजून म्हणाली, मालक, तुमची गाडी बी आमच्यावानीच, पाण्याबिगर चालंना. मला वाटलं, हिला दाखवावं कशी पळते ते. ती पुढनं चाललीय हे मी बघितलंच नाही."

ड्रायव्हरला त्याच संध्याकाळी सोडलं. जाताना तो निळ्या गाडीजवळ थांबला. "मॅडम, रेडिएटरमधलं पानी काढू का? इंजिन गंजंल."

"मुद्देमालाला हात लावता येत नाही."

"व्हय," तो म्हणाला. "तिनं दिल्यालं पानी हाय त्ये." आणि गेला. त्या क्षणापर्यंत हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. खटला चालेपर्यंत गाडी कडुलिंबाखाली उभी होती, आणि तिच्या बाजूनं जाताना मी दर वेळी नजर दुसरीकडे वळवायची.

अध्यक्षांना शिक्षा झाली. संचालकांनी बैठक झालीच नाही असं सांगितलं. छावणी मोडली. सरकारी छावणी सुरू व्हायला वेळ लागला, आणि तेवढ्यात बरीच जनावरं बाजारात गेली. हे मी लपवत नाही. त्या बैठकीतली भीती खोटी नव्हती.

निकालानंतर मयत बाईचा नवरा घागर न्यायला आला. पावतीवर अंगठा दिला. बैल विकले होते, हे त्यानंच सांगितलं. मला वाटलं, तो आता बोल लावेल. तो चेपलेल्या जागेवरून बोट फिरवत राहिला.

"हात वर केला तवा म्हटलं, ती तर गेलीच, बैलं तरी ऱ्हातील." मग म्हणाला, "बैलं ऱ्हायली असती तर रोज त्यांच्या तोंडाकडं बघावं लागलं असतं, मॅडम. बरं झालं."

ते त्याला खरंच वाटत होतं की माझ्यासाठी म्हणाला, हे मला कळलं नाही.

त्यानंतरच्या सगळ्या नोकरीत मी जबाब लिहिताना साक्षीदाराचा शब्द बदलला नाही. 'आमच्या अंगाला' म्हटलं तर तसंच लिहिलं, आणि पुढे विचारलं, तुम्ही कुठे उभे होतात? हाताखालच्या पोरांना ते कंटाळवाणं वाटायचं. पण एक गोष्ट मी त्यांना शिकवू शकले नाही, कारण ती मलाही नीट उमगलेली नाही. चांगली, कष्टाळू, एकमेकांना धरून राहणारी माणसं एका खोलीत बसतात, कुणी कुणाला धमकावत नाही, आणि सगळे हात वर जातात. त्या खोलीत मी असते, आणि माझी गाय छावणीत असती, तर माझा हात कुठे असता?

त्या दिवशी घागर काखेत धरून तो फाटकाबाहेर गेला. "ठोकून घेतो," एवढंच म्हणाला. "पानी ऱ्हातंय अजून तिच्यात."