कॅफीन बंद झाल्यानंतरचे सात दिवस

लेक दहा आठवडे आधी आली आणि श्वास घ्यायला विसरू लागली. विसरायची म्हणजे अक्षरशः. छाती हलायची थांबे, ओठ निळसर होत, मग सिस्टरनी तळपायाला टिचकी मारली की बाईसाहेब परत सुरू. एवढ्या लवकर आलेल्या बाळांचा मेंदू अजून कच्चा असतो, त्याला श्वासाची आठवण राहावी म्हणून कॅफीन देतात, असं डॉक्टरांनी समजावलं. सासूबाईंना काही ते पटेना.

"अगं, एवढ्याशा जिवाला कॉफी? आमच्याकडे दहावीपर्यंत चहासुद्धा देत नाहीत."

"आई, कॉफी नाही हो, औषध आहे ते."

"कॉफीतलंच ना?"

वर बाळंतीण म्हणून माझा चहा बंद. आईला चहा नाही आणि लेकीला कॅफीन, धन्य आहे. मी हात टेकले.

महिन्याभराने औषध थांबवलं आणि नियम सांगितला: औषधाशिवाय सलग सात दिवस श्वास अडकला नाही, तर घरी. मध्ये एकदा जरी अडकला, तर मोजणी पहिल्यापासून. हे मी घरी सांगितलं, हीच माझी चूक. सासूबाईंनी पंचांग काढलं, आठव्या दिवशी उत्तम मुहूर्त निघाला, आणि डॉक्टरांच्या आधी यांनीच डिस्चार्ज ठरवून टाकला! बारसं घरीच, कर्वेनगरला. पाळणा आणला, घुगऱ्यांचे हरभरे आणले, कात्रजच्या मावशींपासून सगळ्यांना फोन केले. "अहो, थोडं थांबा ना," म्हटलं तर म्हणे, "शुभ बोल गं जरा." रोज सकाळी विचारायच्या, "आज कितवा?" जसं काही मुलगी नाही, घरी गणपतीच बसलाय.

सहाव्या दिवशी दुपारी माझ्या अंगाची ऊब मिळावी म्हणून लेक माझ्या छातीशी उघडीच बांधलेली होती. सिस्टरनी मशीनचा आवाज बंद करून तिच्या पायाचा ऑक्सिजन मोजणारा सेन्सर दुसऱ्या पायाला लावायला काढला, तेवढ्यात शेजारचं बाळ रडलं म्हणून त्या तिकडे वळल्या. आणि माझ्या छातीवरची हालचाल थांबली. मी वाट पाहिली. नाहीच. ओठ बघितले, निळसर. टिचकी मारली, काही नाही. जोरात मारली, तेव्हा एक उसासा टाकून ती सुरू झाली.

सिस्टर पाठमोऱ्या होत्या. मशीन गप्प होतं. कुणीही पाहिलं नव्हतं. खरं सांगते, मीही गप्प बसले. मिनिटभर असेल. सव्वा महिना त्या खुर्चीत काढला होता मी! मला माझं घर हवं होतं, लेक माझ्या कुशीत हवी होती आणि घोटभर चहा हवा होता. एक दिवसच तर उरला होता. मग डोळ्यांपुढे पाळणा आला, घरभर पाहुणे, आणि हिची छाती हलतेय की नाही हे बघायला कुणीच नाही. स्वतःचाच असा संताप आला.

"सिस्टर!" मी ओरडलेच. "श्वास अडकला होता. आत्ता."

त्यांनी सेन्सर लावला, डॉक्टरांना बोलावलं, लिहून घेतलं. मोजणी पहिल्यापासून, आणि कदाचित औषधही परत.

संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला.

"अगं, सगळ्यांना बोलावून बसलेय मी! आता काय सांगू लोकांना?"

"सांगा, आज तिचा श्वास थांबला होता."

मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "आत्ता घेतेय ना गं?"